डबा आधी उघडायचा नाही: आगमनकाळात ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना



नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोरिवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत एक चक्कर मारा. दुकानांबाहेर कागदी चांदण्या लटकलेल्या असतात, बेकरीत प्लम केकची पाटी लागलेली असते आणि मॉलमध्ये तर दिवाळीचे कंदील उतरले त्याच दिवशी सांताक्लॉज चढलेला असतो. थोडक्यात, नाताळ आला. पण आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये डोकावलात तर वेगळंच दिसेल. फादरांचा झगा जांभळा, वेदीवरची सजावट बेताची आणि एरवी रविवारी म्हटलं जाणारं ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत चक्क गाळलेलं. रस्त्यावर नाताळ आलाय, चर्चमध्ये तो अजून यायचा आहे.

या मधल्या दिवसांबद्दल मला कुतूहल वाटायला लागलं ते माझ्या विषयामुळे. मी ख्रिस्ती नाही. पण माझी पीएच.डी. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर चालू आहे आणि हा ग्रंथ मी पहिल्यांदा नीट वाचला तो योगायोगाने डिसेंबरात. आज दोन गोष्टी एकदम करायच्या आहेत. आगमनकाळ अर्थपूर्ण रीतीने पाळायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाच्या अंगाने ‘ख्रिस्तपुराणा’ची थोडी समीक्षा करायची आहे. आणि त्या ओघात माझ्या संशोधन-प्रस्तावातली एक घोडचूकही सांगायची आहे, कारण पेट देऊन प्रस्ताव लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातून तीच चूक होण्याची शक्यता आहे.

आगमनकाळ म्हणजे नेमकं काय?

आधी पाया पक्का करू. नाताळाच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ होतो तो आगमनकाळ. चर्चचं उपासना-वर्ष याच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे हा एका अर्थी ख्रिस्ती पाडवाच. २५ डिसेंबर कुठल्या वारी येतो त्यावर त्याची लांबी ठरते. २०२२ मध्ये नाताळ रविवारी आला तेव्हा तो पूर्ण २८ दिवसांचा होता, २०२३ मध्ये सोमवारी आला तेव्हा फक्त २२ दिवसांचा.

त्याचे दोन भाग पडतात, आणि इथे बहुतेक जण गोंधळतात. १६ डिसेंबरपर्यंत भर असतो तो ख्रिस्त पुन्हा येणार या अपेक्षेवर, म्हणजे भविष्यकाळावर. १७ ते २४ डिसेंबर या आठ दिवसांत लक्ष बेथलेहेमच्या जन्माकडे, म्हणजे भूतकाळाकडे वळतं. जे होऊन गेलंय त्याची तयारी आणि जे व्हायचंय त्याची वाट, दोन्ही एकाच काळात.

आता ‘पाळणं’ या शब्दाकडे या. आगमनकाळ अर्थपूर्ण करा म्हटलं की हल्ली यादी पुढे येते: चार मेणबत्त्यांचं वर्तुळ लावा, रोज एक खिडकी उघडायचं कॅलेंडर आणा, अमुक करा, तमुक करा. यात वाईट काही नाही. पण संशोधकाने ‘परंपरा’ हा शब्द ऐकला की तारीख विचारावी. ते मेणबत्त्यांचं वर्तुळ योहान हिन्रिक विखर्न या जर्मन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या आपल्या अनाथ-निराधार मुलांच्या आश्रमात सुरू केलं असं मानतात. नाताळ किती दिवसांवर आला असं मुलं सारखी विचारायची, म्हणून. म्हणजे आपण ज्याला जुनी रीत समजतो ती ‘ख्रिस्तपुराणा’पेक्षा २२३ वर्षांनी लहान आहे.

चर्चची स्वतःची पद्धत याच्या उलट आहे. ती वाढवत नाही, कमी करते. ग्लोरिया गाळते, सजावट आवरती घेते. मरोळ गावठाणातल्या एका ईस्ट इंडियन मावशींनी मला हेच घरगुती भाषेत सांगितलं. त्यांच्याकडे कलकल होतात डिसेंबरच्या मध्यावर. पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळायच्या, तळायच्या, पाकवायच्या आणि पत्र्याच्या डब्यात भरून डबा कपाटावर. “करायला सगळ्यांनी बसायचं,” त्या म्हणाल्या, “पण चोवीसच्या रात्रीची मिस्सा होईपर्यंत डबा उघडायचा नाय.” गोठाही तसाच. मेंढपाळ, गाय, गाढव, मारिया, योसेफ सगळे आधीपासून जागेवर, पण गव्हाण रिकामी. बाळ येणार चोवीसच्या रात्री.

डबा आधी उघडायचा नाही. माझं पूर्ण म्हणणं या एका नियमात आहे. तो मी कसा मोडला ते आता ऐका.

माझी चूक: साष्टी कुठली?

प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी एक झोकदार वाक्य लिहिलं होतं: ‘सतराव्या शतकात अंधेरी-मरोळ परिसरातील चर्चमधून आगमनकाळात ख्रिस्तपुराणाचे गायन होत असे.’ वाचायला किती छान! माझा ग्रंथ, माझं उपनगर, माझा डिसेंबर, सगळं एका ओळीत. मार्गदर्शकांनी पेन्सिलने एवढंच लिहिलं: “कुठली साष्टी?”

झालं असं होतं की एका इंग्रजी लेखात मला वाचायला मिळालं, साष्टीच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणांना हे पुराण वाचलं-गायलं जाई. साष्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नकाशा आला तो वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पलीकडे घाटकोपर-मुलुंडपर्यंतचा, कारण आपली ही उपनगरं ज्या बेटावर वसली ते साष्टी बेट. पण गोव्यातही साष्टी आहे. मडगाव जिच्यात येतं ती. दोन्ही नावांची व्युत्पत्ती साधारण एकच सांगतात, सहासष्ट गावं. दोन्हीकडे पोर्तुगीज, दोन्हीकडे जेझुइट, दोन्हीकडे सोळाव्या शतकातली चर्चेस. आणि स्टीफन्स यांचं आयुष्य मुख्यतः गेलं ते गोव्याच्या साष्टीत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं तेही तिथल्या राशोलला.

मोह पडायला कारण होतं, हे माझ्या बचावासाठी सांगते. अंधेरीच्या सीप्झमध्ये, आयटीच्या इमारतींच्या गराड्यात, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. जुन्या कोंडिविटे गावाचं हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये साथ आल्यावर लोक गाव सोडून मरोळला गेले आणि चर्च ओस पडलं. आणि स्टीफन्स गोव्याला पोचले तेही १५७९ मध्येच, ऑक्टोबरात. एकच साल, एकच संघ, एकच ‘साष्टी’. माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली आणि पुरावा तिच्या मागून चालायला लागला.

चूक एक नव्हती, दोन होत्या, हे नंतर कळलं. जागा चुकली ही पहिली. पण मूळ लेखात ‘रविवारी आणि सणांना’ एवढंच होतं. ‘आगमनकाळात’ हा शब्द मी पदरचा घातला होता, कारण तो तिथे असावा असं मला वाटत होतं. ही दुसरी चूक जास्त गंभीर. जागेची चूक अज्ञानाची असते. दुसरी घाईची असते.

ते वाक्य खोडलं. आता तुम्ही म्हणाल, मग आगमनकाळाचा आणि ‘ख्रिस्तपुराणा’चा संबंधच संपला. मलाही तसंच वाटलं होतं.

उत्तर शीर्षकातच होतं

‘ख्रिस्तपुराण’ हे नाव रूढ आहे आणि समर्पकही. पण ग्रंथाचं पोर्तुगीज शीर्षक पाहा. त्याचा मराठी अर्थ होतो: ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं निरूपण, दोन भागांत’. ‘येण्या’साठी तिथे जो शब्द आहे तो ‘विंदा’. आगमनकाळाचं लॅटिन नाव ‘आदव्हेंतुस’. दोन्ही शब्द ‘येणे’ या एकाच लॅटिन क्रियापदापासून आलेले. हे ‘ख्रिस्ताचं चरित्र’ नाही, ‘ख्रिस्ताची शिकवण’ही नाही. विषय आहे येणं.

म्हणजे जो संबंध मी बाहेर, कुठल्या तरी चर्चच्या प्रथेत शोधत होते तो ग्रंथाच्या दारावरच लिहिलेला होता. बाहेरचा पुरावा मिळत नसेल तर ओढूनताणून आणू नका. आधी संहितेचं मुखपृष्ठ वाचा. हसू नका, आपण बहुतेक जण ते वाचत नाही.

पहिलं पुराण वाट कशी पाहायला लावतं

ग्रंथ सुमारे ११,००० ओव्यांचा. सर्गाला स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतात. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू. पहिलं पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून निघतं, आदाम-एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे असं करत तारकाच्या अपेक्षेपर्यंत येतं. येशूचा जन्म आणि चरित्र दुसऱ्या पुराणात. एकूण ९५ पैकी ३६, म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश ग्रंथ संपेपर्यंत ज्याच्यावर तो आहे तो माणूस जन्मालाच येत नाही!

आणि आपण विद्यार्थी काय करतो? पहिल्या अवस्वरूत मराठीची थोरवी सांगणाऱ्या, तिला रत्नांची-फुलांची उपमा देणाऱ्या ओव्या आहेत. त्या पाठ्यपुस्तकात भेटतात, मराठी भाषा दिनाच्या भाषणात भेटतात, नेट-सेटच्या प्रश्नात भेटतात. तेवढ्या वाचायच्या आणि पुस्तक मिटायचं. फारच उत्साही असलो तर थेट नाताळाच्या कथेवर उडी. मधली ३६ अवस्वरूंची वाट कुणी चालतच नाही. मीही पहिल्यांदा नव्हतेच चालले.

ती चाललं की काय दिसतं? पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीची चौकट. रविवारी दुपारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चाललंय. एक नवख्रिस्ती श्रोता पाद्री-गुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी का देत नाही? ग्रंथ या मागणीतून सुरू होतो. म्हणजे पहिली वाट पाहतोय तो बायबलमधला संदेष्टा नाही, साष्टीतला (गोव्याच्या साष्टीतला, बरं का) एक सामान्य श्रोता. आणि तो देवाची नाही, पुस्तकाची वाट पाहतोय.

दुसरी गोष्ट ओवीची. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वर-एकनाथांपासून कानाला सवय झालेली ही चाल बैठक मारून ऐकण्याची आहे, एका दमात संपवण्याची नाही. विषय पुरा होतो न होतो तोच पुढची ओवी हात धरते. स्टीफन्स यांचा ग्रंथ देवनागरी खिळे नसल्याने रोमन लिपीत छापला गेला, पण त्याचा श्वास पुराण सांगण्याचा आहे. आणि पुराण ऐकायला बसलेला माणूस “पुढे काय झालं ते लवकर सांगा” म्हणत नाही.

तिसरी गोष्ट श्रोत्यांची. मराठीत नवा करार छापून आला तो १८११ मध्ये, विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं स्टीफन्स यांच्या श्रोत्यांना या कथा समोर उलगडत होत्या. जुना करार तर त्यांच्या हातात नव्हताच. आपल्याला दावीद माहीत असतो, म्हणून आपण पानं चाळतो. त्यांच्यासाठी प्रत्येक अवस्वरू नवा होता.

इथे एक आक्षेप येईल. बायबलातही जुना करार आधी आणि मोठाच आहे, मग यात स्टीफन्स यांचं काय? आक्षेप रास्त आहे. पण धर्मोपदेशकाला हा क्रम बंधनकारक नव्हता. तो प्रश्नोत्तराच्या रूपात धर्मतत्त्वं सांगू शकला असता. ते पुस्तक स्टीफन्स यांनी कोकणीत लिहिलंही आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलं गेलं. तिथे उत्तर प्रश्नाला लागूनच येतं. पुराणात मात्र त्यांनी उत्तर ३६ अवस्वरू लांब ठेवलं. एकाच लेखकाची ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की विलंब ही निवड होती हे दिसतं. आक्षेपाला उत्तर असं तुलनेतून द्यायचं असतं, कौतुकातून नाही.

आणि जिथे ते वाट पाहत नाही

इथपर्यंत वाचून वाटेल की मी ग्रंथाच्या प्रेमात आहे. आहेच. पण समीक्षा करायची तर पुढचंही बोलायला हवं.

पाद्री-गुरूला शेवट माहीत आहे. त्यामुळे पहिल्या पुराणातली माणसं पुष्कळदा स्वतःसाठी जगत नाहीत, पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवायला उभी असतात. अमक्याचं बलिदान हे तमक्याचं पूर्वचिन्ह, हा राजा त्या राजाची सावली. ही वाचनपद्धती स्टीफन्स यांची एकट्याची नाही, ख्रिस्ती परंपरेत ती फार जुनी आहे. पण तिची किंमत आहे. ज्या यहुदी लोकांची ती वाट पाहणं होतं ते त्यांचं राहत नाही. ते आजही आपल्या पद्धतीने वाट पाहतात, पण या पुराणात त्यांची वाट आधीच संपवून टाकली आहे. गव्हाण रिकामी दिसते खरी, पण कुणीतरी बाळ आधीच आणून पेंढ्याखाली लपवून ठेवलंय.

दुसरी अडचण त्या श्रोत्याच्या प्रश्नातच आहे. “आमची पुराणं तुम्ही बंद केलीत” हे वाक्य आपण फार पटकन ओलांडतो. गोव्याच्या साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांनाही ठार केलं गेलं. ही स्मृती ताजी असताना हे पुस्तक मागितलं आणि दिलं जातंय. ज्याने घेतलं त्याच्याकडेच मागायचं, अशी ती मागणी आहे. आणि दिलेलंही फार काळ सुखाने टिकलं नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेचा वापर थांबवण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेची थोरवी सांगून ग्रंथ सुरू होतो तिच्याकडे पाहण्याची राजवटीची नजर ही होती. मराठीच्या गौरवाच्या ओव्या तेवढ्या वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

मग काय, ग्रंथ बाद? अजिबात नाही. मला उलट वाटतं की ३६ अवस्वरू सावकाश वाचणाऱ्यालाच ही खोट जाणवते. घाईने वाचणारा एक तर भारावतो, नाही तर फेटाळतो. दोन्ही म्हणजे डबा आधी उघडणंच.

मंडपेश्वर आणि १९६४चा डिसेंबर

हा पेच मला पुस्तकात कळला, पण नीट दिसला तो घरापासून पंधरा मिनिटांवर. आय. सी. कॉलनी हे नाव ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ या चर्चवरून आलं. त्याचा सण ८ डिसेंबरला, म्हणजे भर आगमनकाळात. शेजारीच मंडपेश्वरची लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकाच्या आसपासची, शैव. आत नटराज आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्यांचं चर्च केलं आणि वर मठ बांधला. १७३७ ते १७३९ दरम्यान मराठ्यांनी साष्टी जिंकल्यावर तोही काळ संपला. आज वर मठाचे भग्नावशेष, खाली लेण्यात शिवाची पूजा, आणि एका भिंतीवर जुनं शिल्प छाटून कोरलेला क्रूस अजून आहे. ‘एकाच्या जागी दुसरं’ हे ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीत घडतं, इथे दगडात. या ठिकाणाचा स्टीफन्स यांच्याशी थेट संबंध नाही, संघही वेगळा. मी फक्त प्रश्न शेजारी ठेवतेय. (पाहिलंत ना, एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.)

आता साडेतीनशे वर्षं पुढे या. १९६४चा आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू झाला. त्याच आठवड्यात पोप सहावे पॉल जागतिक युखरिस्ट परिषदेसाठी मुंबईत आले. भारतात आलेले ते पहिले पोप. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे, अंधाराकडून उजेडाकडे, मृत्यूकडून अमरत्वाकडे ने, ही प्रार्थना म्हटली. आणि देवाची ओढ आगमनकाळाच्या भावनेने इतक्या भरलेल्या शब्दांत क्वचितच व्यक्त झाली असेल, अशा आशयाचं ते बोलले.

हे आणि १६१६ शेजारी ठेवून पाहा. तिथे श्रोत्याची पुराणं काढून घेतली आणि नवं पुराण दिलं. इथे श्रोत्याचाच ग्रंथ वाट पाहण्याची भाषा म्हणून वाचला. फरक मोठा आहे आणि तो चांगल्या दिशेचा आहे. पण थोडं टोचा. उपनिषदातल्या ऋषीला ‘तू आगमनकाळाचंच बोलतोयस’ असं म्हणणं, हेही एका अर्थी त्याच्या वाट पाहण्याला आपला शेवट जोडणं नाही का? माझं उत्तर सध्या असं आहे: पोपनी ती प्रार्थना शेवट न जोडता आजच्या काळाचीही प्रार्थना म्हणून पुढे ठेवली, ऐकणाऱ्याला तिचं उत्तर आपल्या परीने शोधायला मोकळं सोडलं. म्हणून मला ती जागा ‘ख्रिस्तपुराणा’पेक्षा खरी आगमनकाळाची वाटते. तुमचं उत्तर वेगळं असेल तर कारणासकट मांडा. समीक्षेत मतभेदाला मान कारणामुळे मिळतो.

मग पाळायचं कसं?

ख्रिस्ती वाचकांना आगमनकाळ कसा पाळावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एका ग्रंथाची विद्यार्थिनी म्हणून एक सुचवू शकते, आणि ते कुठल्याही धर्माच्या वाचकाला करता येईल.

पहिल्या पुराणाचे अवस्वरू ३६, आगमनकाळाचे रविवार चार. आठवड्याला नऊ, म्हणजे रोज एक आणि कुठल्याही दोन दिवशी दोन. चौथा आठवडा बहुतेकदा अपुरा असतो, तेव्हा तिथे वेग थोडा वाढवावा लागेल. मोठ्याने वाचा, ओवी कानाने कळते. जुनी मराठी अडली तर फादर नेल्सन फलकाव यांच्या २००९च्या आवृत्तीत गद्य अर्थ आहे. शांताराम बंडेलू यांची १९५६ची देवनागरी आवृत्ती आणि कॅरिदाद द्रागो यांची १९९६ची आवृत्ती मिळाली तर दोन-चार ओव्या शेजारी ठेवून पाहा. बंडेलूंची सालढाणांच्या १९०७च्या मंगळूरच्या रोमन आवृत्तीवरून केलेली आहे. द्रागोंची लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखितावर आधारलेली. धार्मिक संज्ञांसाठी एकीकडे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचा शब्द आणि दुसरीकडे संस्कृत वळणाचा, असं कुठे कुठे दिसेल. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची (१६१६, १६४९, १६५४) एकही प्रत ज्ञात नाही. म्हणजे मूळ प्रत हीसुद्धा रिकामी गव्हाणच आहे, आणि तिच्याभोवती आपण सगळे अभ्यासक उभे.

आणि नियम एकच: दुसरं पुराण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत उघडायचं नाही.

या काळात एक वही ठेवा. डाव्या पानावर प्रश्न लिहा, उजवं पान कोरं सोडा. ‘हा श्रोता कोण असेल?’ ‘इथे वैकुंठ शब्द का?’ ‘हे कुठल्या साष्टीबद्दल?’ उत्तर सुचलं तरी महिनाभर लिहू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात उजवी पानं आधी भरली होती आणि डावी नंतर. तुमच्यापैकी कितींचं गृहीतक असंच तयार झालंय, ते तुमचं तुम्ही पाहा. मुलाखतीत समितीला उजवं पान ऐकण्यात फारसा रस नसतो. डावं पान किती प्रामाणिक आहे हे ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

शेवटी मावशींकडचीच एक गोष्ट. गोठ्यात हिरवळ हवी म्हणून त्या नाताळाच्या दोनेक आठवडे आधी पसरट ताटलीत नाचणी पेरतात. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो ना, अगदी तसंच. गेल्या वर्षी मीही खिडकीत पेरली. तिसऱ्या दिवशी काही दिसेना म्हणून बोटाने माती उकरून बघितली. दाणे फुटले होते, पण मी उकरलेल्या जागी नंतर काही आलं नाही. बाकीची ताटली हिरवीगार, मध्ये एक बोटभर टक्कल.

ते फोनवर ऐकून मावशी खूप हसल्या. म्हणाल्या, “पुढच्या वर्षी परत पेर.” या वर्षी पेरलीय. प्रस्तावातलं ते खोडलेलं वाक्यही मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय, पेन्सिलच्या प्रश्नासकट.